गोकुळाबाईची खापरं

नागभीडकडच्या एका गावाबाहेर तलावाला लागून रीठ आहे, म्हणजे कधीकाळी वसलेल्या आणि उठून गेलेल्या गावाची जागा. २०२३ च्या फेब्रुवारीत विद्यापीठाच्या रीना मॅडम तिथे खोदकामाला आल्या. खोदलेल्या मातीतून खापरं निवडायला त्यांनी गोकुळाबाईला घेतलं. जन्म मासोळ्या धरण्यात गेलेला, वय बावन्न. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुणा बाईच्या बोटांचे ठसे खापरावर दिसले की गोकुळाबाई हरखून जायची. असं गोडीचं काम तिला कधी मिळालंच नव्हतं.

नवव्या दिवशी घोळ झाला. खड्ड्यातल्या पाच थरांपैकी प्रत्येकाची खापरं वेगळ्या पिशवीत, आत थराची चिठ्ठी. विद्यार्थिनी रश्मी जेवून आली तेव्हा पाचही पिशव्या रिकाम्या, चिठ्ठ्या पिशव्यांच्या तळाशी आणि ताडपत्रीवर तीन ढीग.

"हे काय केलं, बाई?"

"निवडा म्हणलं ना तू, पोरी. मोठे इथी, मधले तिथी, चुरा बाजूले. बाजारात मासोळ्या अशाच मांडतेत."

रश्मीच्या डोळ्यांत पाणी आलं. कुठलं खापर कुठल्या थरातलं, हे गेलं की जुनं-नवं ठरवायचं कशावरून? मॅडम आल्या, पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "उद्यापासून दुसरी बाई बघू."

पण गोकुळाबाई जागची हलली नाही.

"मॅडम, खापरं अजून धुतली नाईत. माती चिकटून आहे. तलावाच्या कोणत्या कोपऱ्याचा गाळ आहे, मी हात लावून सांगतो. नऊ दिवस पाची थरांची माती माह्या हाताखालून गेली, हे काऊन नाई सांगणार?"

मॅडमनी वहीत चित्र आणि थर नोंदलेली पाच खापरं ढिगांतून शोधून तिच्यापुढे ठेवली. गोकुळाबाईने पहिल्याची माती ओल्या बोटाने चोळली. "राख आहे. तिसरा थर." बरोबर. दुसऱ्याची माती लोण्यासारखी मऊ, चौथा थर. बरोबर. तिसरं, चौथंही बरोबर. पाचवं तिने उलटसुलट केलं आणि खाली ठेवलं.

"हे कोणं धुतलं?"

रश्मीने मान खाली घातली. चित्र काढताना तिनेच पुसून लख्ख केलं होतं.

"अंदाजाने सांगा," मॅडम म्हणाल्या.

"नाई. मले नाई समजत, त नाई समजत."

मॅडम पहिल्यांदा हसल्या. "बसा मग. जे समजणार नाही त्याचा वेगळा ढीग करा."

तीन दिवस ती आणि रश्मी मांडीला मांडी लावून बसल्या. सहाशे अकरा खापरांपैकी पाचशे चाळीस थराला लागली. बाकीच्यांच्या पिशवीवर मॅडमनी 'मिसळलेली' असं स्वच्छ लिहिलं. लागलेल्यांत राखेच्या थरातला एक जाड, बाकदार कान होता. मॅडमनी तो बराच वेळ हातात धरला. समुद्रापलीकडून, रोमच्या मुलखातून द्राक्षाची दारू भरून येणाऱ्या उंच सुरईचा तो कान असावा, असं त्या म्हणाल्या.

गोकुळाबाईचा नवरा डोमा तिला न्यायला आला होता. तो म्हणाला, "म्हणजे तवाही बाहेरची दारू येतच होती. मग आमच्या मोहफुलाच्या दारूलेच काऊन नावं ठेवता?"

सगळे हसले.

"तुमी जा घरी," गोकुळाबाई म्हणाली. "मले उशीर आहे. रश्मीने नवा खड्डा काढला, अन् पिशव्या आधी माह्याकडे येणार आहेत."