बेलशेजारची पट्टी

हॅम्बर्गमध्ये घरात टीव्ही नसला तरी टीव्ही-रेडिओची फी भरावीच लागते, घरटी एक. आमच्या घराची माझा रूममेट भरत होता. तरीही माझ्या नावाने कडक पत्रं येत राहिली. शेवटच्या पत्रात वसुली अधिकारी घरी येईल असं छापलेलं होतं. मी घाबरून खालच्या दारावरची, बेलशेजारची माझ्या नावाची पट्टी काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी तिथेच एक नव्या शेजारीणबाई आपली पट्टी बसवत होत्या. आधी त्यांनी ओढणीने काच पुसली, मग पट्टी दोनदा सरळ केली. आडनाव मराठी दिसलं म्हणून मी म्हणालो, "ताई, नाव नका लावू. पत्रं मागे लागतात, माणूस घरी येतो."

त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "पुण्यात आडनावावरून जात कळली की रिकामी खोली लगेच भाड्याने गेलेली असायची. शेवटी मैत्रिणीबरोबर राहिले, दारावर तिचंच नाव. इथे पहिल्यांदा माझं लागतंय." नखाने पट्टीची कड दाबत त्या म्हणाल्या, "आल्झो, म्हणजे मग, येऊ दे की तो माणूस. घर तरी पटकन सापडेल त्याला."

माझ्या आडनावाने आजवर माझ्यासाठी एकही दार बंद झालं नव्हतं. आणि ते मी एका पत्रापायी उतरवलं होतं.