दोन खोटे निरोप

मी गाव सोडलं त्या सकाळी बाबा माझी वळकटी डोक्यावर घेऊन पुढे चालत होते. बार्शीटाकळीपर्यंत पायी, तिथून अकोल्याची गाडी आणि मग अमरावती. तिथे एम.एस्सी.ला माझा प्रवेश झाला होता. मी वळकटी मागितली तर म्हणाले, "राहू दे, नवे कपडे चुरगाळतीन तुह्ये." गाडीत बसवल्यावर खिडकीशी येऊन एवढंच बोलले, "निमाले शिकाचं नव्हतं. तू तं शीक पोटभर."

निमा, माझी धाकटी बहीण, निरोप द्यायला आली नव्हती. ती पहाटेच वांग्याच्या वावरात तोडणीला गेली होती.

गाडी सुटली आणि मला रडू आलं. बाबांना वाटलं असेल, पोरगा घर सोडतो म्हणून रडतो. खरं कारण मी कुणालाच सांगितलं नाही. अमरावती-अकोल्यात राहिलेल्या, पुण्या-मुंबईकडे गेलेल्या आणि आता साता समुद्रापार पोहोचलेल्या आपल्या घरच्या सगळ्यांसाठी ते आज लिहितो आहे.

टायफॉइडमुळे माझं एक वर्ष वाया गेलं होतं, म्हणून निमा आणि मी अकोल्याला बी.एस्सी.ला एकाच वर्गात होतो. तिचे गुण माझ्यापेक्षा जास्त. दोघांनीही एम.एस्सी.साठी अर्ज केले आणि दोघांचीही नावं यादीत लागली. फी आणि वसतिगृहासाठी बाबांकडे विहीर खोल करायला ठेवलेले पैसे होते. ते एकालाच पुरणारे होते.

आमच्या घरची रीत अशी, की पोरगी वयात आली की बाप तिच्याशी लग्न, शिक्षण असल्या गोष्टी समोरासमोर बोलत नसे. आई किंवा भाऊ मध्ये लागे. आई तर आधीच गेली होती. त्यामुळे बाबांनी मला बोलावलं. म्हणाले, "दोघायचं झेपनार नाई रे. तिचे मार्क जास्त हायत. निमाले इचार, जाते का म्हना. ती नाई म्हनली तं तू जाय."

मी विहिरीपर्यंत गेलो. निमा पाटाच्या पाण्यात मुळे धूत होती. मी तिला काहीच विचारलं नाही. मला भाजीच्या पाट्या वाहत तिथेच राहायचं नव्हतं, एवढं एकच डोक्यात होतं. परत येऊन बाबांना म्हणालो, "नाही म्हणते." संध्याकाळी निमाला म्हणालो, "बाबा तुला नाही म्हणाले."

दोघांनीही माझ्यावर विश्वास ठेवला. आपल्या घरात मधल्या माणसावर शंका घ्यायची पद्धतच नव्हती.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. अमरावतीत मी शिकलो, तिथेच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, लग्न केलं, फ्लॅट घेतला. घरातला पहिला एम.एस्सी. म्हणून माझं कौतुक होत राहिलं. निमाचं लग्न शेजारच्या गावात झालं, सासरही भाजी-फुलांचंच. लोक म्हणत, निमाला शिक्षणाची आवड नव्हती. ती कधी उत्तर देत नसे. बाबांशी मात्र ती कामापुरतंच बोले. बाबांना वाटे, लेक सासरी रमली, आपल्याला विसरली. मी हे दोन्हीकडून पाहत होतो. अमरावतीहून तिच्याकडे जायला फार तर अर्धा दिवस लागतो, पण मी कधी तिच्या घरी मुक्काम केला नाही. चहा घ्यायचा आणि शेवटची एसटी गाठायची.

यंदा निमाच्या नातीला, ऋतुजाला, इंग्लंडमधल्या विद्यापीठात एका वर्षाच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. विषय भाजी-फळांच्या साठवणुकीचा. तिचा अर्ज मीच तपासला होता. 'स्टेटमेंट ऑफ पर्पज' नावाच्या निबंधात तिने उन्हाळ्यात बाजारात फेकून दिलेल्या टोमॅटोंबद्दल लिहिलं होतं, तिथे मला एक शब्दही बदलावासा वाटला नाही. ऑफर लेटर आलं, थोडी स्कॉलरशिपही मिळाली. उरलेल्या पैशांसाठी शैक्षणिक कर्ज काढायचं होतं, आणि डिपॉझिट भरायची मुदत जवळ आली होती.

ऋतुजाचा बाप, म्हणजे निमाचा मुलगा गजानन, सातबारा घेऊन अकोल्याला बँकेत गेला. मी सोबत होतो. काळी कसदार जमीन, तिच्यापेक्षा मोठं तारण जगात नसतं अशी त्याची खात्री होती. माझीही होती. मॅनेजर म्हणाले, "शेतजमीन चालत नाही. घर, फ्लॅट, मुदत ठेव असं काही आहे का?"

"साहेब, बारमाही पानी हाय तिले!" गजानन म्हणाला.

"असू द्या हो. नियमात बसत नाही."

गावातलं घर गावठाणातलं, त्याचे कागद धड नव्हते. मी तिथेच म्हणालो, माझा अमरावतीचा फ्लॅट तारण ठेवू. पुण्यातल्या माझ्या मुलाला फोन केला, तो लगेच हो म्हणाला. अडली ती निमा.

ओट्यावर बसून ती मेथीच्या जुड्या बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "नाई. जे बापानं देलं नाई, ते भावापासून घेऊ कायले? पोरगी इथंच शिकन."

ऋतुजा दारात उभी होती. तिचा चेहरा मला पाहवेना. मी निमासमोर खाली बसलो आणि सगळं सांगून टाकलं.

ती जुडी बांधतच राहिली. मग म्हणाली, "म्हंजे बाबानं इचारलं होतं?"

"तुझंच नाव आधी घेतलं होतं."

"मी बाबाच्या तेरवीले रडली नाई. मालूम हाय ना तुले? बाया म्हनत, पोरगी दगडाची हाय." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "प्रोफेसर झाला, हजारो पोरं शिकोले, अन् घरातला एक निरोप धड सांगता नाई आला तुले."

ती उठून आत गेली. दुपारभर बाहेर आली नाही. गजानन माझ्याशी बोलत नव्हता. मी निघायला उठलो तेव्हा आतून तिचा आवाज आला, "गजू, मामाले जेवाले वाढ. अन् फ्लॅटचे कागद घेऊन बँकेत जा दोघं. हे उपकार नाईत. हे माह्यं हाय." मग दारात येऊन मला म्हणाली, "अन् दादा, हे सगळ्यायले लिहून कळव. मी सांगतलं तं म्हनतीन, म्हातारी बडबडते."

त्या दिवशी पहिल्यांदा मी तिच्या घरी राहिलो.

कर्ज मंजूर झालं. ऋतुजा गेली. तिच्या खोलीत हीटर आहे, किचन चौघींमध्ये शेअर आहे, आणि वांग्याला तिथे सोन्याचा भाव आहे, असं ती व्हिडिओ कॉलवर सांगते.

निमाने मला माफ केलं का, ते मी विचारलेलं नाही. ती तसं म्हणालेली नाही. पण आता ती मला फोन करते, आणि बाबांबद्दल बोलते. बाबा बाजारात गिऱ्हाइकाला कसे डाफरत, चार वांगी तोलून पाचवं वर कसं टाकत, मुळ्याच्या भाजीत तिखट जास्त पडलं तरी कसे मुकाट्याने जेवत. यातलं मी बरंच विसरलो होतो. परवा मध्येच थांबून ती म्हणाली, "इचारलं होतं म्हने मले बाबानं." पुन्हा एकदा सांगायला लावलं. बाबा कुठे बसले होते, कोणत्या शब्दांत बोलले, सगळं.

गाव सोडलं तेव्हापासून घर म्हटलं की मला माझं ते खोटं आठवायचं. आता घर म्हटलं की निमाचा फोन आठवतो. ती विचारते, मी सांगतो, आणि आमच्या दोघांच्या मध्ये निरोप्या कुणी नसतो.