घरच्यांसाठी एक चांगली सेडान

जुन्या गाड्यांच्या धंद्यात गाडी यार्डात फार दिवस टिकत नाही. चांगली असली तर पंधरवड्यात जाते, बरी असली तर महिन्यात. तिची गोष्ट मात्र जात नाही, ती आपल्याकडंच राहते. अशा राहिलेल्या गोष्टी आता इतक्या झाल्यात की दुपारी गिऱ्हाईक नसलं आणि चहा आला की एक निघते, आणि तिच्या मागोमाग दुसरी.

आमचं यार्ड शिरूरच्या बायपासला. मालक पोपटशेट, मूळचे न्हावऱ्याचे. मेकॅनिक रहीमभाई. आणि मी मिलिंद. आधी रांजणगावच्या एका कंपनीत स्टोअरला होतो, आता इथं गिऱ्हाइकाला गाडी दाखवायची, सोबत बसून चक्कर मारून आणायची, हे माझं काम.

हल्ली ज्याला त्याला उंच गाडी पाहिजे. पण रोज शिरूर ते शिक्रापूर नाहीतर दौंड ते लोणी असं जाऊन येणारा, घरात म्हातारी आई असणारा माणूस फिरून फिरून सेडानपाशीच येतो. आत बसायला पाय फार उचलावा लागत नाही, डिकी मोठी, हायवेला गाडी रस्ता धरून पळते. तो ॲव्हरेज विचारतो, मागच्याला एसी लागतो का विचारतो, पार्ट शिरूरात मिळतात का विचारतो. मग बायको जरा लांब गेली की आवाज बारीक करतो.

"गाडीत काही झालेलं न्हाई ना?"

खरा प्रश्न हा. बाकीचे सगळे तोंडदेखले.

*

दौंडच्या एका दवाखान्यात नर्स असलेल्या उज्ज्वलाताई आल्या होत्या. सोबत नवरा आणि सासूबाई. सासूबाईंची नजर गेलेली. लाल डिझेल घ्यावी का पांढरी पेट्रोल, हे काही ठरत नव्हतं. तुमचं रोजचं धावणं थोडं आहे, पेट्रोलच घ्या, असं मी समजावत होतो. सासूबाईंना ऊन नको म्हणून पांढरीत मागं बसवलं होतं.

उज्ज्वलाताईंनी तो प्रश्न सरळ तोंडावर विचारला. मी सांगितलं, ताई, या गाडीला साधा ओरखडा नाही.

तेवढ्यात सासूबाई सीटवरून हात फिरवत म्हणाल्या, "हितं बाळंत झालीया कुणीतरी."

सगळे हसले. मीही हसलो. पण मन राहीना, म्हणून बाजूला जाऊन आधीच्या मालकाला फोन लावला. पाटसचा शेतकरी माणूस. गाडीत कुणी बाळंत झालं होतं का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "तुमाला कुणी सांगितलं?"

उसाची ट्रॉली उलटून रस्ता बंद झाला होता. दौंडला पोचायच्या आत बायको गाडीतच मोकळी झाली. मुलगा आता शाळेत जातो. गाडी खपायची नाही म्हणून त्यानं ही गोष्ट कुणापाशी काढली नव्हती. त्यानंतर सीट कव्हर दोनदा बदललं होतं.

मी येऊन खरं ते सांगून टाकलं. उज्ज्वलाताई म्हणाल्या, जन्मच झालाय ना, मग उलट चांगलं. तीच गाडी घेतली त्यांनी. निघताना मी खिडकीशी वाकून सासूबाईंना विचारलं, आजी, कसं कळलं तुम्हाला?

"म्हंजी?" त्या म्हणाल्या. "तुमाला वास येत न्हाई?"

मी आत डोकं घातलं. नव्या रेक्झिनचा वास होता, बाकी काही नाही.

*

एका करड्या सेडानचा मधला आरसा खाली वाकायचा. ड्रायव्हर मागचा रस्ता बघतो तो आरसा. रोज सकाळी गाड्या पुसताना मी तो नीट करायचो, दुसऱ्या दिवशी बघावं तर पुन्हा खाली. त्यात मागची काच दिसायचीच नाही. मागच्या सीटचा मधला भाग दिसायचा, तोही अगदी खालचा.

रहीमभाई म्हणाले, उन्हानं जॉइंट सैल पडतो. त्यांनी नवा आरसा बसवला. दोन-तीन दिवसांत तोही वाकला. बाजूच्या गाड्याही त्याच उन्हात उभ्या होत्या, त्यांचे आरसे जागेवर.

ती गाडी तळेगाव ढमढेऱ्याच्या एका तरुण मास्तरांनी घेतली. सर्व्हिसिंगला आले तेव्हा मी आपणहून म्हणालो, सर, आरसा त्रास देत असेल, बदलून देतो.

ते म्हणाले, "नको नको. बरोबर लागलाय तो. त्यात माझी मुलगी दिसते."

मुलगी मागं मधोमध बसली होती. एवढीशी. मी आरशात बघितलं, चेहरा अगदी मापात बसत होता. तेव्हापासून आरसा हललेला नाही.

पोपटशेट म्हणाले, आता गप बस, आन् ही गोष्ट गिऱ्हाइकाला सांगू नको.

*

पोपटशेट स्वतः भुताखेतावर विश्वास नाही म्हणतात. एकदा यवतहून एक सेडान स्वतः चालवत घेऊन आले आणि उतरताना चेहरा पांढराफटक. पाणी प्यायले आणि सांगू लागले, चौफुल्यापासून शेजारच्या सीटचा बेल्ट लावा म्हणून गाडी सारखी टिंगटिंग करतीया. कुणीतरी बसलंय शेजारी.

रहीमभाईंनी जाऊन डावं दार उघडलं. सीटवर भलंमोठं कलिंगड. चौफुल्यावर शेटनीच घेतलेलं. वजन पडलं की सेन्सरला माणूस बसल्यासारखं वाटतं.

"शेट, शेजारी बघायचं तरी."

"बघायला काय झालंय," शेट म्हणाले. "बघितलं आन् खरंच कुणी असलं म्हंजी?"

*

यवतचेच एक निवृत्त शिक्षक होते, गुरव सर. त्यांची गाडी बघायची पद्धत मी आजवर दुसऱ्या कुणाची बघितली नाही. बॉनेट उघडलं नाही, टायर बघितले नाहीत. प्रत्येक गाडीत मागं बसायचे, मला म्हणायचे, चालवा. आणि डोळे मिटून घ्यायचे. गाडीनं गचका खाल्ला की डोळे उघडून म्हणायचे, ही नको.

एकदा असेच मागं बसले आणि खरंच झोपले. यार्डात परत आलो तरी उठेनात. मी हळूच हाक मारली. म्हणाले, हीच द्या.

मग कारण सांगितलं. सरांच्या पत्नी, म्हणजे बाई, आजारी होत्या. अंथरुणावर त्यांचा डोळा लागायचाच नाही, चालत्या गाडीत मात्र लागायचा. म्हणून सर रोज दुपारी त्यांना मागं निजवून भिगवणच्या बाजूला जायचे आणि वळून परत यायचे.

वर्षभरानं बाई गेल्या. कळलं तसे आम्ही तिघंही जाऊन भेटून आलो.

पुढं सर सर्व्हिसिंगला आले. काम झाल्यावर रहीमभाई म्हणाले, चला सर, एक चक्कर मारू, ब्रेक बघून घ्या. सर त्यांच्या शेजारी पुढं बसले. मागं कुणी नव्हतं. गाडी रोडला लागली आणि रहीमभाईंनी सवयीनं ब्रेक जोरात दाबून बघितला.

सरांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "हळू," ते कुजबुजले. "आत्ताच डोळा लागलाय."

रहीमभाईंनी परत येताना गाडी कशी आणली ते मी फाटकातून बघत होतो. बैलगाडीसारखी. गाडी लावली, उतरले आणि दार आपटलं नाही, हातानं दाबून लावलं. मी विचारलं, भाई, काय झालं? त्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि मला शेडच्या मागं लांब नेऊन मगच सांगितलं.

*

आता पाबळच्या शिंद्यांची गोष्ट. शिंदे रांजणगावला नोकरीला. रोजच्या येण्याजाण्यासाठी त्यांना मी एक निळी सेडान दिली. गाडी होती कान्हूरच्या एका माणसाची. तो अचानक गेला, घरात चालवणारं कुणी नाही, म्हणून त्याच्या बायकोनं विकायला काढली होती.

आठवड्यात शिंद्यांचा फोन. आवाज बिचकलेला. म्हणाले, मिलिंदभाऊ, येताना कान्हूरला एक घर लागतं रस्त्याला लागून. तिथनं गेलो की गाडीच्या स्क्रीनवर कुणाचं तरी नाव येतं, फोन जोडला गेला म्हणून. आणि त्याच वेळी एक बाई फाटकात येऊन उभ्या राहतात. रोज.

मला लगेच उमगलं. गाडीत आधीच्या मालकाचा फोन जोडलेला राहून गेला होता. तो फोन बाईंनी अजून चालू ठेवला असणार. गाडी जवळ आली की दोन्ही एकमेकांना ओळखत होते. मी म्हणालो, एवढंच ना, नाव पुसून टाकू.

शिंदे भला माणूस. म्हणाले, आधी त्यांना विचारू.

आम्ही दोघं गेलो. बाईंनी बसायला खुर्च्या दिल्या. फोन भिंतीतल्या देवळीत, चार्जिंगला. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पुसू नका. ते यायचे तवा फोन असाच वाजायचा. वाजला की मी च्या टाकायची. आता बी टाकते. तुमी थांबू नका, तुमचं तुमी जात जा."

शिंद्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नाव तसंच राहू दिलं. रोज येताना ते तिथं गाडी जरा हळू करायचे, बाई फाटकात यायच्या, बघायच्या आणि आत जायच्या.

दिवाळीला शिंद्यांनी गाडीला मागचा कॅमेरा बसवला आणि त्यासाठी जुनी स्क्रीन काढून नवी लावली. आमच्याकडंच लावली, रहीमभाईंनी. जुनी गेली, तिच्यातलं नावही गेलं. कुणाच्या लक्षातच आलं नाही. नंतर शिंदे भेटले तेव्हा मला एकदम आठवलं. वाईट वाटलं. म्हणालो, आता त्या बाई येत नसतील फाटकात.

"येतात की," शिंदे म्हणाले.

"आवाजानं ओळखत असतील गाडी."

"मलाबी तसंच वाटलं. म्हणून थांबलो एक दिवस, विचारलं." शिंदे म्हणाले. "फोन वाजतो म्हणाल्या."

*

शेवटची गोष्ट मी सहसा सांगत नाही. सांगितली की शेट उठून जातात.

एक चंदेरी सेडान आली होती. इतकी निकोप गाडी आमच्याकडं पुन्हा आली नाही. एका हातची, इंजिन गपगार, कुठं खडखड नाही. बँकेनं ओढून आणलेली, त्यामुळं आधीचा मालक कोण, कसा, आम्हाला माहीत नाही. पण ती जाईना.

गिऱ्हाइकाला चक्कर मारायला मी न्हावरा रोडला नेतो. सरळ रस्ता, पेट्रोल पंपापर्यंत जायचं, वळायचं, परत. या गाडीत एक वीज मंडळाचे साहेब बसले. जाताना मध्येच त्यांनी डावीकडं कालव्याच्या कच्च्या रस्त्याला गाडी घातली. मला वाटलं, खड्ड्यांत सस्पेन्शन बघतायत. थोडं आत एक बंद घर आहे, पुढं निळं फाटक. तिथं त्यांनी गाडी थांबवली आणि माझ्याकडं बघितलं. "इथं कशाला आलो आपण?" म्हणाले.

दुसऱ्यांदा एक नवरा-बायको होते. नवरा चालवत होता. तोच कच्चा रस्ता, तेच फाटक. सहज वळलो म्हणाला. बायको मात्र गाडीतून उतरली ती पुन्हा बसेना. कालव्यावरून चालत डांबरीला आली. त्यानंतरही जो बसला तो तिथंच गेला, आणि कुणालाच कारण सांगता येईना.

रहीमभाईंनी अलाइनमेंट बघितली, टायर बदलून बघितले, सगळं बरोबर. मी स्वतः चालवली तर सरळ गेली. शेट म्हणाले, मिळंल त्याला देऊन टाक.

मग दौंडहून कदम कुटुंब आलं. कदम रेल्वेत. गाडी चालवणार होत्या त्यांच्या बायको, सुनीताताई. त्या कुरकुंभला कंपनीत जायच्या. कदम लहान मुलाला घेऊन यार्डातच थांबले, आम्ही दोघं निघालो. ताई स्टिअरिंगला, मी शेजारी. मागं कुणी नाही.

या खेपेला मी आधीच सांगून ठेवलं, ताई, डावीकडं एक कच्चा रस्ता लागंल, तिकडं वळायचं नाही, सरळच घ्या. बरं म्हणाल्या. तो रस्ता आला. ताईंनी तिकडं बघितलंसुद्धा नाही. गाडी सरळ पंपापर्यंत गेली. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि एसी कसा आहे, गिअर कसे पडतात, असलं काहीबाही बोलू लागलो. ताईंनाही गाडी आवडल्याचं दिसत होतं.

पंपावरून वळलो. परत येताना तो रस्ता उजव्या हाताला आला. ताईंनी वेग कमी केला, डावा इंडिकेटर दिला आणि गाडी बाजूला घेऊन उभी केली. त्या रस्त्याच्या अगदी समोर. पुढं बघत शांत बसून राहिल्या. ऊन लख्ख होतं. एक टेम्पो गेला. मग त्यांनी इंडिकेटर बंद केला आणि पहिला गिअर टाकला.

"ताई, थांबलात का?" मी विचारलं.

"त्या म्हणाल्या ना, इथंच सोडा, इथनं जाते मी चालत."

ताईंनी समोरच्या डायलकडं बघितलं. तिथं लाल दिवा लागला होता, दार उघडं असल्याचा.

"मागचं दार नीट लागलं नाही वाटतं त्यांच्याकडनं," त्या म्हणाल्या. "बघता का जरा?"

मी उतरलो. मागचं डावं दार अर्धवट लागलं होतं. ते उघडलं, नीट लावलं आणि परत पुढं येऊन बसलो.

"चला," म्हणालो.