घोड्यावर कोण बसलंय

बा जाऊन दुसरा हिवाळा आला तरी त्याचा खांब उभा राहिला नव्हता.

आम्हा मेळघाटातल्या कोरकूंमध्ये गेलेल्या माणसासाठी सागाचा कोरीव खांब करून गावच्या झाडाखाली रोवतात. तो रोवेपर्यंत गेलेला माणूस पूर्वजांत जाऊन बसत नाही, असं माय मानते. खांब रोवायला मुलगा लागतो आणि मी दिल्लीत. एकदा बदलीची गडबड, एकदा ऑडिट. सुट्टी पुढे पुढे जात राहिली. आश्रमशाळेने शिकवलं, वसतिगृहाने जेवू घातलं, म्हणून ही नोकरी मिळाली. तिच्याविषयी वाकडं बोलवत नाही.

या थंडीत माय माझ्या लक्ष्मीबाई नगरमधल्या सरकारी क्वार्टरवर राहायला आली. ऑफिसातले एक साहेब म्हणाले, "यमुना किनारे पार्क में आपके लोगों के खंभे लगे हैं. माताजी को दिखाइए." रविवारी तिला घेऊन गेलो.

नदीच्या बाजूने फरशीची वाट, तिच्या कडेला ठिकठिकाणच्या आदिवासींचे लाकडी खांब ओळीने उभे. शेवटी आमचा सापडला. वर सूर्य-चंद्र, मध्ये घोडेस्वार, म्हणजे तो गेलेला माणूस. व्हार्निश इतकं की त्यात मायचं हिरवं लुगडं दिसत होतं. गावाकडे खांबाला कुणी तेलसुद्धा लावत नाही. उन्हापावसात तो राखाडी होतो, वाळवी लागते, एक दिवस पडतो. पडू देतात.

आपल्याकडची वस्तू राजधानीत उभी आहे, तर अभिमान वाटायला हवा होता, नाहीतर राग. मी थोडा वेळ वाट पाहिली. काही आलं नाही, म्हणून फोटो काढला.

"कुणाचा आहे, विचार त्याला," माय जवळच्या गार्डकडे बोट दाखवून म्हणाली.

मी गार्डला विचारलं.

"किसी का नहीं है, सर. सजावट है."

मायला हिंदी येते. तिनेच पुढे विचारलं, "तो घोड़े पे कौन बैठा है?"

"जो बैठ जाए, माताजी. आप बैठोगी?"

माय हसली. मग माझ्याकडे वळून आमच्या बोलीत म्हणाली, "तुझ्या बापालाच बसव इथं. तुला सुट्टी नाही, घोडा रिकामा आहे. ऑफिसला जाता-येता भेटत जा त्याला."

बा आयुष्यात कधी घोड्यावर बसला नव्हता. आमच्याकडे मेल्यावरच माणसाला घोडा मिळतो.

आम्ही बाकावर बसलो. मायने पिशवीतून भाकरी काढली, तुकडा मोडला आणि सवयीने हात खांबाकडे नेला. गेलेल्यांना आधी घास द्यायचा असतो. हात तसाच थांबला. खांबाकडे तिने नीट पाहिलं, आणि तो तुकडा माझ्या हातात दिला.

"खा. इथं कुणी नाही."

मी खाल्ला. भाकरी थंड होती.

परतताना मेट्रोत तिला बसायला जागा मिळाली. बोगद्यात बाहेर काही दिसत नव्हतं, तरी ती समोरच्या काचेकडे बघत होती. मी म्हणालो, "सुताराला सांग, लाकूड बघून ठेव म्हणावं. होळी झाली की रोवू."

"आणि सुट्टी?"

"नाही मिळाली तरी येतो."

ऑफिसात फोनवर 'नोट कर लीजिए' म्हणतो, त्याच आवाजात हे बोललो. मायने काचेवरची नजर काढून माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाली, "घोडा बारका करायला सांगते. उंचावर घाबरायचा तो."