टेपची वेल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्या अक्कांना तर नाहीच नाही. तुम्हाला सांगते, कारण तुमचं-माझं काही नातं नाही, उद्या कुणाच्या लग्नात पंगतीला आपण शेजारी बसणार नाही. आणि एक आधीच सांगून ठेवते – मी रडायला बसलेली नाही.

पहिल्यांदा टेपचं बोलू. मी भिंती रंगवते. सांगली-मिरजेच्या फ्लॅटमध्ये हॉलची एक भिंत, पोरांच्या खोलीची एक भिंत, असं काम असतं माझं. नक्षीची टेप मिळते, माहीत आहे का? एका कडेला लाट कापलेली, नाहीतर कंगोरे, नाहीतर मधोमध पानं कापलेली. भिंतीवर चिकटवायची, रंग द्यायचा, ओढून काढायची, खाली नक्षी तयार. लोक म्हणतात, हात्तिच्या, एवढंच! मग करा की तुम्ही. भिंत पुसली नाही तर टेप धरत नाही. कडा बोटानं दाबून, तिच्यावरून आधी भिंतीचाच रंग फिरवला नाही तर नवा रंग आत झिरपतो आणि पानांना मिशा फुटतात. काढायला उशीर केला तर टेपबरोबर खालचा रंगही सोलून येतो. माझी पहिली भिंत अशीच सोलली होती. टेपची मला लाज नाही. ऊस कोयत्यानं तोडतात, दातानं तोडत नाहीत. मग माझ्याच हत्याराची लाज मी का धरू?

तर टेप हा माझा गुन्हा नव्हेच. मग काय? – थांबा, येते तिकडेच.

सासर माझं कवठे महांकाळच्या अलीकडचं. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आमच्या भावकीत लग्न निघालं की हळदीच्या आधी सोप्यातल्या, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीतल्या भिंतीवर, दाराच्या दोन्ही बाजूंना वेल काढतात. खालून वर, पानं-फुलं, टोकाला नवरा-नवरीची नावं. ती वेल अक्काच काढायच्या. ना खडूची खूण, ना दोरी. ब्रश टेकवला की चौकटीच्या डोक्यापर्यंत देठ एका दमात न्यायचा, मधे हात उचलायचा नाही. वेल तुटली तर संसाराला बरं नसतं, असं आमच्याकडे मानतात. अक्का वेल काढताना बायका चहाचे कप हातात धरून नुसत्या बघत उभ्या राहायच्या. मीही राहायचे.

लग्न होऊन आले तेव्हा एकदा मीही ब्रश मागितला होता. हौस होती मला. चार बोटं देठ काढला आणि रेघ वाकडी गेली. अक्का हसल्या आणि भरल्या सोप्यात म्हणाल्या, "तुज्या हातात शेण बरं दिसतं गं नंदे, रंग नगं." सगळ्या हसल्या. मीही हसले. पुढे प्रत्येक लग्नात कुणीतरी ते वाक्य काढायचंच. अक्का वाईट नव्हत्या हो. माझ्या बाळंतपणात सव्वा महिना त्यांनीच मला न्हाऊ-माखू घातलं. पण जीभ तिखट. आणि मला ते वाक्य पचलं नाही, कधीच नाही. पुढे आम्ही सांगलीला बिऱ्हाड केलं, मी एका पेंटरच्या हाताखाली कामाला लागले, मिरजेच्या एका दुकानात ती टेप पहिल्यांदा हातात घेतली – तेव्हा माझ्या मनात सर्वांत आधी काय आलं असेल? कमाई नाही. अक्कांचा सोपा आला.

त्यांच्याच मुलाचं, विजयचं लग्न निघालं. अक्का नवरदेवाची आई, त्यांना हजार कामं. एका बाजूची वेल अक्कांनी काढली आणि दुसऱ्या बाजूला हात घालणार तेवढ्यात मी म्हटलं, "अक्का, ही बाजू मी काढते." पुन्हा तेच हसणं, पुन्हा ते शेण. मी म्हटलं, पण दार लावून घेणार, काढताना कुणी बघायचं नाही, नजर लागते. हे खोटं मी सांगलीहून येताना एसटीत बसूनच जुळवून आणलं होतं. तोंडातून चुकून गेलं, असं मी म्हणणार नाही.

आणि अक्कांनी काय केलं? पाट घेतला आणि दाराबाहेर बसल्या. "काढ तू बिनघोर. मी हाय राखणीला. बघू कुणाची नजर लागती." पोरंटोरं आली, त्यांनी हाकलली. नणंद डोकवायला आली, तिला चार शब्द सुनावले. आत मी पिशवीतून टेपचे तुकडे काढून एकाखाली एक जोडत होते. माझी वेल नुसते तुकडेच! टेप ओढताना चर्र आवाज आला तसा बाहेरून प्रश्न आला, "काय फाटलं गं?" मी म्हटलं, "कागद, अक्का. खाली अंथरलेला."

दार उघडलं. सगळ्या बायका आत आल्या. मग माझी चुलत सासू म्हणाली, "आगं बया, धाकटीचा हात थोरलीच्या वर गेला की गं!" मग काय, सगळ्यांची तोंडं उघडली. पान न् पान एकासारखं एक, कड कशी सुरीनं कापल्यागत. खरंच होतं ते. अक्का एकदा या बाजूला बघायच्या, एकदा त्या. त्यांच्या बाजूचा देठ कुठे जाड कुठे बारीक होता, पानं लहान-मोठी होती, हाताची असतात तशी. त्या जवळ गेल्या, माझ्या पानावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "लय भारी, नंदे." मनापासून म्हणाल्या. मला काय वाटलं, विचारा. आनंद झाला! इतका की रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर अक्का पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन उभ्या. स्वतःची वेल स्वतःच्या हातानं पुसत होत्या. "दोनी बाजू सारक्या पायजेत. ही बी तूच काढ." आणि पाट घेऊन पुन्हा दाराबाहेर जाऊन बसल्या.

तेव्हा सांगता आलं असतं. चार शब्दांचं काम होतं. मी दार लावून घेतलं.

त्यानंतर अक्कांनी वेल काढली नाही. भावकीतल्या प्रत्येक लग्नात वेलीचं बोलावणं माझ्याकडे यायला लागलं. विजयच्या लग्नाच्या पुढच्याच महिन्यात त्या सांगलीला माझ्या दारात उभ्या, "माझं डोळं गेलं वाटतं गं. सरळ रेघ मला वाकडी दिसाया लागली. तवा माझी वेल मला बरी दिसायची, तुज्या शेजारी बगितली तवा कळलं." मिरजेला दवाखान्यात मीच नेलं त्यांना. डोळ्यांत थेंब घातले, तासभर बाकावर बसवलं, त्यांची चप्पल आणि पिशवी माझ्या मांडीवर. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं नजर छान आहे. अक्कांचा चेहरा उतरला. डोळे ठीक आहेत ऐकून कुणाचा चेहरा उतरतो का? त्यांना डोळ्यांचं दुखणं हवं होतं. ते नाही म्हटल्यावर राहिला फक्त हात. परतीच्या रिक्षात त्या आपला उजवा हात उलटा-सुलटा करून बघत होत्या आणि मी शेजारी बसून शेंगदाणे सोलून देत होते.

ही माझी कबुली. खोटं बोलले, ते तर आहेच. पण त्यांना एकदा सगळ्यांसमोर लहान झालेलं बघायचं होतं मला, आणि बघितल्यावरही मी थांबले नाही, हे त्याहून मोठं. म्हणाल, शेणाचं ते वाक्य लागलं होतं ना? लागलं होतं. पण एका वाक्याला एवढी किंमत? ती मी ठरवली, मीच वसूल केली. त्यांचा बिचाऱ्यांचा हिशेबात हात नव्हता. आणि वेल तुटली की संसार तुटतो म्हणतात, माझ्या तर सगळ्या वेली तुकड्या-तुकड्यांच्या. एकही संसार मोडला नाही. मोडलं ते दुसरंच.

मधे वीस-बावीस वर्षं गेली. गेल्या दिवाळीत विजयच्या मुलीनं मोबाइलवर व्हिडिओ लावला. कुणी बाई भिंतीवर नक्षीची टेप चिकटवून रंग देत होती, ओढून काढत होती. चर्र. माझ्या हातातला लाडू हातातच राहिला. अक्कांनी मोबाइल डोळ्यांजवळ घेऊन पुन्हा पुन्हा बघितला. आता कळलं, असं मला वाटलं. खरं सांगू? सुटल्यासारखंही वाटलं. अक्का हसल्या आणि नातीला म्हणाल्या, "असली पट्टी चिकटवून कुणीबी काढील. आमच्या धाकटीला असलं काय लागत न्हाई." मी लाडू खाल्ला.

आता त्याच नातीचं लग्न आहे. त्या दिवाळीतच निघताना अक्कांनी आपला ब्रश कापडात गुंडाळून माझ्या हातात दिला होता. दांड्याला त्यांच्या बोटांची जागा पडलेली. म्हणाल्या, "माज्याकडं पडून काय करायचा? तुज्या हातात शोभंल."

मी काल गावी आले. सोप्याचं दार आतून लावलंय. बाहेर अक्का पाटावर बसल्या आहेत, पोरांना हाकलण्याचा आवाज येतोय. त्या ब्रशनं मी आजवर एक रेघ काढलेली नाही. केस मऊ आहेत त्याचे – टेप लावायच्या आधी भिंतीवरची धूळ मी त्यानंच झाडते. आताही झाडली.