उतरंडीतलं मधलं मडकं

इब्राहीम चाचा गेल्याची बातमी मला धुळ्यात कळली ती जळगावच्या सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरकडून. शाळा नुकतीच सुटली होती. फाटकाशी मोटार थांबवून त्याने हाक मारली, "मास्तर, तुमचे गादीवाले चाचा गेले सकाळी. चला, बसा." मी हातातला खडूसुद्धा ठेवला नव्हता. एरंडोलला मोटार थांबली तेव्हा पाणी प्यायला उतरलो. चहाच्या दुकानात चारपाच माणसं मोठमोठ्याने बोलत होती. माझी तुर्की टोपी दिसली तशी सगळी एकदम गप्प झाली. त्यातला एकजण माझ्याच शाळेत शिकून गेलेला. त्याने नमस्कार केला, पण बसा म्हणाला नाही. मी पाणी न पिताच परत मोटारीत येऊन बसलो, आणि चाचा असते तर आता काय म्हणाले असते हे मला ठाऊक असल्यामुळे जास्तच रडू आलं. त्याला आता काही आठवडे झाले. तेव्हापासून वारं अधिकच बिघडत चाललं आहे.

चाचा म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. आम्ही जातीचे पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायच्या, आणि सय्यद-पठाणांच्या लग्नात शेवटच्या पंगतीला बसायचं, ही आमची पिढीजात जहागीर. वडील त्यात सुखी होते. चाचा नव्हते. मिसरूड फुटायच्या आतच ते मुंबईला पळाले आणि तिथून आगबोटीने थेट आफ्रिकेत, दर्बानला. तिथे एका सुरती शेठच्या कापडदुकानात राहिले, मग ट्रान्सव्हालला गेले. तिकडचं ते सांगायचे तेव्हा दुकानात गादी भरायला आलेली गिऱ्हाइकंही काम विसरून ऐकत बसायची. फुटपाथवर काळ्या-सावळ्या माणसाने पाय ठेवायचा नाही, घोडागाड्यांमधून रस्त्याने चालायचं. नंतर तिथल्या सरकारने फर्मान काढलं की प्रत्येक हिंदी माणसाने दहाही बोटांचे ठसे देऊन परवाना घ्यायचा आणि तो जवळ बाळगायचा. चाचांची बोटं शिपायाने एकेक धरून शाईवर दाबली होती. "चोराची घेतात ना, तशी," ते म्हणायचे. "मी विचारलं, साहेब, मी चोरलं काय? तर तो हसला. वाईट माणूस नव्हता रे तो. तेच तर भ्या वाटायचं..."

चाचांची शाळा दुसरीतच सुटलेली, आणि जगाचा नकाशा त्यांना माझ्याहून नीट कळत होता असं मी मुळीच म्हणणार नाही. कैरो आणि कराची यांतलं अंतर ते हमखास चुकवायचे. मात्र एक गोष्ट ते पक्की धरून होते. ट्रान्सव्हालचा गोरा, सुदानातला गोरा, बसऱ्यात उतरलेला गोरा आणि जळगाव स्टेशनच्या वेटिंगरूममधून आपल्याला बाहेर काढणारा गोरा, हे वेगवेगळे नाहीत, एकाच घरचे आहेत. त्यांनी सगळ्या जगाची उतरंड रचली आहे. वरचं मडकं गोरं, सगळ्यात खालचं काळं, आणि मधे आपण. "मधल्या मडक्याला काय वाटतं ठाऊक आहे? वरचं डोक्यावर आहे याचं दुःख होत नाही त्याला. खाली एक आहे, याचा आनंद होतो. त्या आनंदावरच उतरंड उभी राहते." मग ते पैगंबरसाहेबांच्या अखेरच्या प्रवचनाची, खुतब्याची आठवण द्यायचे, की अरबाला अरबेतरावर आणि गोऱ्याला काळ्यावर वरचढपणा नाही, असला तर तो फक्त नेकीने. हजरत बिलालांचं नाव घेताना त्यांचा आवाज कापायचा. पहिली अजान देणारा माणूस हबशी गुलाम होता, हे ते असं सांगायचे की जणू कालच मशिदीतून ऐकून आले आहेत.

त्यांचा आवाज कापायला कारण होतं. दर्बानला त्यांनी मरियम चाचीशी निकाह केला. तिचे आईबाप झांझिबारकडचे, गुलामांच्या जहाजावरून सुटलेले, नमाजी. सुरती शेठ तेव्हा म्हणाला होता, "इब्राहीम, ठेवायची तर ठेव, निकाह कशाला करतोस?" शेठ पाच वेळचा नमाजी होता. चाचांनी नोकरी सोडली, ट्रान्सव्हाल गाठलं, आणि पुढे काही वर्षांनी मरियम चाची व चिमुकल्या झैनबला घेऊन ते जळगावला आले. मी तेव्हा झैनबच्याच वयाचा. चाची टांग्यातून उतरली तो क्षण मला अजून दिसतो. उंच, काळीभोर, ताठ मानेची बाई. आमच्या मोहल्ल्यातल्या बायका दारोदार उभ्या होत्या. कुणी सलाम केला नाही. एका म्हातारीने पुढे होऊन चाचीच्या हातावर बोट घासलं आणि स्वतःचं बोट उजेडात धरून पाहिलं. चाचीने हात मागे घेतला नाही. ती आमच्यात काही वर्षं राहिली, आमची बोली शिकली, आमच्यासारख्याच ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापू लागली, पण कुठल्याही नवरीला मेंदी लावायला तिला कुणी पुढे बोलावलं नाही. नवरीचं मूल काळं निपजेल म्हणे! मानमोडीच्या साथीत ती गेली. तिला न्हाऊ घालायला मोहल्ल्यातली एकही बाई आली नाही. साथीची भीती, असं सांगितलं गेलं. त्याच आठवड्यात दुसऱ्या घरी मात्र त्याच बाया न्हाऊ घालायला गेल्या होत्या. माझ्या आईने आणि दहा वर्षांच्या झैनबने मिळून चाचीला शेवटचं पाणी घातलं.

झैनब आईवर गेली होती. तीच उंची, तोच रंग, तेच दाट कुरळे केस. ती लग्नाची झाली आणि चाचांची कसोटी सुरू झाली. पठाण तर सोडाच, पिंजाऱ्यांतूनही मागणी येईना. आमच्यात मागणी मुलाकडून येते, तरी चाचा स्वतः दारोदार फिरले. धुळ्याच्या एका खानदानी पठाणाच्या बैठकीत मीही बरोबर होतो. त्यांनी चहा पाजला, चाचांच्या आफ्रिकेच्या गोष्टी मन लावून ऐकल्या, साहेबाला शिव्या घातल्या, आणि उठताना म्हणाले, "मुलगी गुणी आहे हो. पण आमच्या नातवंडांचा विचार करायला नको?" परतीच्या गाडीत चाचा खिडकीबाहेर बघत बसले. त्यानंतर घरात उटणी आली, लिंबं आली, दुधावरची साय आली. झैनबला उन्हात जायची बंदी झाली. ती मला म्हणाली, "भाईजान, अब्बांनी कापूस पिंजायचा सोडून आता मला पिंजायला घेतलंय." आम्ही दोघं हसलो. त्या वेळी मला ते नुसतं हसण्यासारखंच वाटलं.

मी तेव्हा नरडाण्याच्या शाळेत होतो. माझ्याबरोबर रमजान तडवी नावाचे मास्तर होते. यावलच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावचे. तडवी म्हणजे मुसलमान झालेले भिल्ल. नमाज आमचीच, निकाह आमचाच. रमजान मास्तर माझ्याबरोबर दोनतीनदा जळगावला आले, झैनबशी पडद्याआडून चार शब्द बोलले, आणि एक दिवस मला म्हणाले की मला ही मुलगी करायची आहे. मला तर आभाळ ठेंगणं झालं! आमच्याकडे मागणीबरोबर ताटात बत्तासे यायचे. ताटातला एक बत्तासा फोडून तोंडात टाकला की होकार. ताट तसंच झाकून परत गेलं की नकार, शब्द बोलायची गरज नाही. रमजानच्या आईने डोंगराकडून ताट पाठवलं, ते मीच घेऊन गेलो. चाचांनी रुमाल उचलला, बत्तासे पाहिले, आणि रुमाल परत नीट चारी कोपऱ्यांनी झाकला.

"चाचा, माणूस सोन्यासारखा आहे," मी म्हणालो.

"आहे. पण भिल्ल आहे ना बाबा," ते म्हणाले. इतकंच.

पडद्यामागे झैनब उभी होती. मी ताट परत नेलं. पुढे रमजान मास्तरांनी आपल्या गावाकडे बदली मागून घेतली.

वर्षं गेली. झैनब मोहल्ल्यातल्या मुलींना कुराण शिकवू लागली. मुलींच्या आया तिच्याकडे मुली पाठवायच्या, पण सून म्हणून कुणी तिचं नाव काढलं नाही, आणि मग ते वयही उलटून गेलं. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी चाचा काही तरुण पोरांना नेहमीसारखं फुटपाथचं सांगत होते. मी गादीवर टेकून बसलो होतो. झैनब चहा घेऊन आली. केस पिकायला लागले होते तिचे. तिने कप ठेवले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "अब्बा, रमजान मास्तरांचं ताट का परत केलंत, ते पण सांगा ना यांना."

पोरं चपळ असतात. चहा न पिताच उठून गेली. चाचांनी आपला कप बाजूला सारला. मला वाटलं होतं की आता चिडतील. पण ते म्हणाले, "तुझी मुलं तरी उजळ व्हावीत असं वाटलं होतं, बेटा. वर कुठेतरी नातं जुळलं असतं तर पुढच्या पिढीला..."

झैनब म्हणाली, "म्हणजे अम्मीला धुऊन काढायचं होतं."

ती आत गेली. चाचांचा चेहरा मी त्या दिवसानंतर पूर्वीसारखा कधी पाहिला नाही. ज्या माणसाने निकाहासाठी नोकरीवर लाथ मारली, साऱ्या जगाची उतरंड बोटाने दाखवली, त्याला तीस वर्षांत कळलं नाही की आपण स्वतः कोणत्या मडक्यावर बसलो आहोत. मला त्यांचा राग आला, आणि दयाही आली. दोन्ही अजून जात नाहीत.

आठ दिवसांनी ते मला म्हणाले, "चल, रमजानकडे जायचं." मोटार, मग बैलगाडी, मग चालत. रमजान मास्तर शाळेत होते. त्यांची म्हातारी आई अंगणात भुईमुगाच्या शेंगा निवडत होती. चाचा तिच्यासमोर जमिनीवरच बसले आणि हात जोडून म्हणाले, "अक्का, मी तुमचं ताट परत केलं होतं. माफी मागायला आलोय." म्हातारीने त्यांना ओळखायला वेळ लावला. मग म्हणाली, "त्यानं लगीन व्हई गयं, बाबा. तीन पोरे शेतस. आते काय माफी? पह्यले खाई ल्या." तिने भाकर आणि मिरचीचा ठेचा आणला, आणि एकाच ताटात आम्हाला बसवून स्वतःही बसली. चाचांनी घास उचलला आणि तसाच हातात धरून राहिले. म्हातारी त्यांच्याकडे बघत होती. "तवा माले वाटनं," ती हळूच म्हणाली, "साहेबलोकेच आमले जनावर समजतस. मंग ताट परत उनं..." ताट परत आलं, एवढंच म्हणून ती भाकर मोडू लागली. चाचांनी तो घास गिळला. मला तो गिळण्याचा आवाज ऐकू आला.

घरी आल्यावर त्यांनी झैनबला सगळं सांगितलं. माफ केलंस का, असं विचारलं नाही. ती रोज त्यांचे पाय चेपायची, तशी त्या दिवशीही चेपत बसली.

शेवटचं वर्ष त्यांनी फार भीतीत काढलं. साहेब जाणार म्हणून जग आनंदात होतं, आणि चाचा म्हणायचे, "साहेब जाईल, उतरंड ठेवून जाईल. आता वर चढायला भांडणं लागतील." शहरात कुठे काय झालं त्याच्या बातम्या यायच्या, काही खऱ्या, बहुतेक खोट्या. शेजारचे आबा पाटील, ज्यांच्या घरच्या गाद्या चाचांनी दोन पिढ्या भरल्या, एक दिवस येऊन दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "इब्राहीमभाऊ, बठ्ठा नीट व्हई, पन रातना दार लाई लेत जा." सगळं नीट होईल, दार मात्र लावत जा, हे ते प्रेमानेच म्हणाले. चाचा मला म्हणाले, "बघितलंस? आजपर्यंत ते आत येऊन सांगायचे." माझ्याशी त्यांचं बोलणं झालं ते एवढंच शेवटचं.

चाचांच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला मुंबईहून आमचे एक नातलग आले होते. कपडे झकपक, बोलणं गोड. जेवणं झाल्यावर त्यांनी झैनबला समजावलं की आता इथे काही राहिलं नाही, माझ्याबरोबर कराचीला चल, मी तिकडे जागा बघतो आहे. "तिथे सगळे आपलेच असतील, बेटी. तुला कुणी काही विचारणार नाही."

झैनब ताटं गोळा करत होती. ती थांबली. "दर्बानच्या धक्क्यावर अब्बांनी अम्मीला हेच सांगितलं होतं," ती म्हणाली. "चल, तिथे सगळे आपलेच आहेत. तुला कुणी काही विचारणार नाही... अम्मीने विश्वास ठेवला आणि बोटीत चढली."

नातलगांना हे काही समजलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उरलेली ताटं उचलली. ते संध्याकाळच्या गाडीने गेले. रस्त्यावरून एक मिरवणूक चालली होती, घोषणा नीट कळत नव्हत्या. मी धुळ्याला परत निघताना झैनब चाचांच्या खोलीत गेली आणि त्यांच्या बाजेवर, ते बसत तशीच, भिंतीला पाठ लावून बसली. मी म्हणालो, "दाराला कडी घाल गं." ती "हो" म्हणाली आणि आवाज जवळ येतो आहे की लांब जातो आहे, ते ऐकत बसून राहिली.