सेंटर फील्डचा कॅप्टन

बॉल हवेत चढला की सेंटर फील्डमधून आरोळी यायची, "माझाऽऽ!" आमच्या अबू धाबीच्या हौशी बेसबॉलमध्ये दोन फिल्डर एकमेकांवर आपटू नयेत म्हणून कॅच घेणाऱ्यानं ओरडायचं असतं. बाकीचे इंग्रजीत ओरडत, कॅप्टन मराठीत. सात वर्षांत डावीकडचा फिलिपिनो आणि उजवीकडचा जपानी, दोघंही "माझा" ऐकलं की जागच्या जागी थांबायला शिकले होते.

कॅप्टन टीमचा कॅप्टन कधीच नव्हता. वसईचा हा माणूस एका हॉटेलात बँक्वेट कॅप्टन होता, पार्ट्यांमध्ये वेटरांना पळवायचा, म्हणून आम्हीही तेच म्हणायचो. वय अठ्ठावन्न. ग्लोव्ह घालायचा तो नाइलाजानं. "गावाला आम्ही सीझन बॉल उघड्या हातानं धरलाय बाबा. हे काय, गरम तवा उचलायचं फडकं!"

गेल्याच्या आदल्या सीझनच्या शेवटच्या मॅचला त्यानं उलटं धावत असा कॅच घेतला, की समोरच्या टीमनंही टाळ्या वाजवल्या. आणि तिथेच घात झाला! क्रिकेटच्या सवयीनं त्यानं बॉल आनंदानं आभाळात उडवला. क्रिकेटमध्ये कॅच घेतला की खलास. बेसबॉलमध्ये कॅचनंतरही तिसऱ्या बेसवरचा गडी रनसाठी धावू शकतो. तो धावला आणि आम्ही एका रननं हरलो.

कॅप्टननं ते मनाला लावून घेतलं. मग अख्खा उन्हाळा मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये आमची प्रॅक्टिस. मी बॉल भिंतीवर मारायचो, तो धरायचा आणि धरल्याक्षणी फेकायचा. शर्ट पिळून काढावा इतका घाम. "सुधीर, हा शेवटचा सीझन. मार्चमध्ये हॉटेल रिटायर करतंय, व्हिसा कॅन्सल, मग वसई. एवढा एक सीझन नीट खेळून जातो, इन्शाल्ला." माझी मुलगी म्हणायची, "अंकल, यू आर सो फास्ट!" आणि तो खरंच होता.

ऑक्टोबरमध्ये टीम ठरवायची मीटिंग झाली. आमचा मॅनेजर पुण्याचा, आयटीतला. लॅपटॉप उघडून म्हणाला, "आउटफिल्डला यंग प्रॉस्पेक्ट हवेत. कॅप्टनचं प्रॉस्पेक्ट झिरो." अरे, तू त्याला उन्हाळ्यात पाहिलंस का? हे मी विचारायला हवं होतं. मी मूग गिळून बसलो. माझं स्वतःचं नाव लिस्टीत शेवटून दुसरं होतं ना! त्या दिवसाचा मला आजही संताप येतो, मॅनेजरचा येतो त्याहून जास्त माझा.

ग्रुपवर लिस्ट पडली. कॅप्टनचं नाव सगळ्यात खाली, 'पाणी आणि बर्फ'समोर. आणि हा माणूस पहिल्या मॅचला बर्फाची पेटी उचलून हजर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कॅप्टन, लाज नाही वाटत तुम्हाला? फेकून द्या ती पेटी त्याच्या अंगावर!"

"पोरांना तहान लागते रे," तो म्हणाला. "यल्ला, चल, ग्लोव्ह घाल."

शेवटच्या डावात बॉल उंच उडाला, सेंटर आणि लेफ्टच्या बरोबर मधे. कॅप्टनच्या जागी आलेला नवा पोरगा धावला, फिलिपिनो धावला, दोघांच्याही नजरा वर, ओरडत कोणीच नाही. आता आपटणार, इतक्यात बाकाजवळून आरोळी आली, "माझाऽऽ!" कॅप्टन उभा होता, दोन्ही हातांत बर्फ. फिलिपिनो सात वर्षांच्या सवयीनं थबकला. नवा पोरगा दचकून थबकला. बॉल दोघांच्या मधे गवतावर पडला. हरलो.

मॅनेजर सगळ्यांसमोर कॅप्टनवर ओरडला, "उद्यापासून ग्राउंडवर पाय ठेवू नका!" दोन डोकी फुटायची वाचली, त्याचं काही नाही. या वेळी मात्र मी तोंड उघडलं, जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही. कॅप्टन माझा दंड धरून म्हणाला, "पुरे. तो बॉल माझ्याच जागेवर येत होता रे, राहवलं नाही." पेटी रिकामी करून, पुसून, त्यानं जागेवर ठेवली. मार्चमध्ये तो गेला. त्या सीझनमध्ये तो एकही मॅच खेळला नाही.

आता नवा सीझन तोंडावर आलाय. वसईहून फोन येतो तेव्हा कॅप्टनचा पहिला प्रश्न, "सेंटरला कोण?"

"कोणी नाही," मी सांगतो. प्रॅक्टिसला उभा असतो तिथे एक जण. पण बॉल वर गेला की तिकडून आवाज येत नाही, आणि फिलिपिनो अजून थांबून वाट बघतो.